पट पुन्हा चढतो, जमीन परत येत नाही

मेलबर्न शहराला लागून यारा नदीकाठी रिचमंड नावाचं जुनं कामगारवस्तीचं उपनगर आहे. तिथली सरकारी माध्यमिक शाळा बंद करायचा निर्णय १९९२ च्या अखेरीस झाला. पालक, विद्यार्थी आणि शिक्षक शाळेतच ठाण मांडून बसले आणि जवळजवळ वर्षभर हलले नाहीत. १९९३ च्या डिसेंबरात पोलिसांनी फाटकापुढच्या निदर्शकांवर लाठ्या चालवल्या. त्या आवारात पुढे मुलींची वेगळी सरकारी शाळा सुरू झाली. ती चांगली चालली, आजही चालते. पण मुलगे-मुली एकत्र शिकतील अशी सरकारी माध्यमिक शाळा रिचमंडला पुन्हा मिळायला २०१८ साल उजाडावं लागलं. मधल्या पंचवीस वर्षांत रिचमंडमध्ये जन्मलेली मुलं मोठी होऊन कामधंद्याला लागली.

पटसंख्या हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. कमी पटाची शाळा म्हटलं की पुढचं वाक्य काय येणार, तेही आपल्याला पाठ आहे. मी राहते ते मेलबर्नच्या पश्चिमेचं नवं उपनगर. इथे चित्र नेमकं उलटं: शाळेत मुलं मावत नाहीत, मैदानावर पोर्टेबल वर्ग उभे आहेत, आणि दर वर्षी आणखी एक पोर्टेबल ट्रकवरून येतो. माझी मुलगी पहिली दोन वर्षं अशाच एका पोर्टेबलमध्ये शिकली. पंचवीस मैलांच्या आत एकीकडे शाळा बंद झाल्याची जुनी जखम आणि दुसरीकडे शाळा अपुरी पडल्याची रोजची तारांबळ आहे. बरेच लोक या दोन गोष्टी वेगळ्या समजतात. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. उपनगरातल्या सरकारी शाळेचं आयुष्य त्या वस्तीच्या एका पिढीपेक्षा कितीतरी मोठं असतं, आणि सरकारं मात्र त्या वर्षीची डोकी मोजून निर्णय घेतात. पट घसरला म्हणून एखादी शाळा बंद करावी लागणं मी समजू शकते. तिची जमीन विकण्याचं एकही पटणारं कारण मला आजवर कोणी दिलेलं नाही.

हे पटवायला दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

मेलबर्न ज्या राज्यात आहे ते व्हिक्टोरिया तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. सोन्याच्या शोधात जगभरातून आलेली माणसं आता बायकामुलांसह स्थिरावू लागली होती. शाळा दोन वेगवेगळ्या मंडळांकडे होत्या. एक मंडळ राष्ट्रीय शाळा चालवायचं, दुसरं चर्चच्या शाळांना पैसा पुरवायचं. परिणाम असा की एका वस्तीत दोन-तीन अर्ध्यामुर्ध्या शाळा एकमेकींशी स्पर्धा करायच्या आणि शेजारच्या वस्तीत एकही नसायची. १८६२ च्या कायद्याने ही दोन मंडळं मोडून एक केलं. पण खरी उलथापालथ केली ती १८७२ च्या शिक्षण कायद्याने. ॲटर्नी जनरल जेम्स विल्बरफोर्स स्टीफन यांनी तो विधिमंडळात मांडला, आणि १ जानेवारी १८७३ पासून तो लागू झाला. शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष. सहा ते पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाने सहामाहीत किमान साठ दिवस शाळेत गेलं पाहिजे. आज साठ दिवस वाचून हसू येईल, पण पहाटे दूध घालणारी, सुगीत शेतावर राबणारी आणि घरी धाकटी भावंडं सांभाळणारी मुलं डोळ्यांसमोर आणली की त्या साठ दिवसांचं मोल कळतं. 'कॉमन स्कूल' हे जुनं नाव जाऊन 'स्टेट स्कूल' हे नाव रूढ झालं तेही याच कायद्याने.

कायदा सगळ्यांना रुचला नाही. धर्मशिक्षण नसलेल्या शाळेत मुलं घालणार नाही अशी कॅथलिक चर्चची भूमिका होती. त्यांनी वर्गणी आणि साध्वींच्या श्रमावर स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. त्यांना सरकारी मदत पुन्हा सुरू व्हायला १९६० चं दशक यावं लागलं. हा दुभंग इथल्या शिक्षणात आजही आहे, त्याकडे पुढे वळेन.

सक्ती करायची तर आधी शाळा हव्यात. शिक्षण खात्याने वास्तुविशारद हेन्री बॅस्टो यांच्याकडे हे काम सोपवलं आणि पहिल्या पाचेक वर्षांत सहाशेहून अधिक शाळा बांधल्या गेल्या. खेड्यात लाकडी एकखोली शाळा, उपनगरात विटांची मोठी इमारत. उंच निमुळत्या खिडक्या, उतरती छपरं, वर घंटेचा मनोरा. त्यांतल्या कित्येक आजही उभ्या आहेत. आतली व्यवस्था मात्र आजच्या पालकाला सोसली नसती: पायऱ्यापायऱ्यांची बैठक, एकेका खोलीत आज तीन वर्गांत बसतील इतकी मुलं, पुढे एक शिक्षक आणि त्याच्या हाताखाली स्वतःच जेमतेम मिसरूड फुटलेले शिकाऊ शिक्षक. परीक्षक यायचा आणि किती मुलं पास झाली त्यावर शिक्षकाच्या पगाराचा काही भाग ठरायचा. निकालावर पगार देण्याची ही पद्धत पुढे मोडीत निघाली, पण चाळीसेक वर्षं तिने पाठांतराचं राज्य चालवलं.

या इमारतींबद्दल मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, ती वास्तुकलेच्या पुस्तकात सहसा येत नाही. कार्लटन, ब्रन्सविक, फिट्झरॉय अशा आतल्या उपनगरांत या शाळांनी लोकसंख्येच्या किती भरती-ओहोटी पचवल्या ते पाहा. १८८० च्या दशकात मेलबर्नमध्ये जमिनींची तेजी आली आणि रेल्वेच्या रुळांमागोमाग उपनगरं पसरली. दहा वर्षांत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८० हजारांवरून ४ लाख ९० हजारांवर गेली. मग १८९० च्या दशकात बँका कोसळल्या, लोक कामाच्या शोधात बाहेर पडले. सरकारने इतकी काटकसर केली की १८९३ मध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण महाविद्यालयच बंद केलं, आणि ते १९०० साली फ्रँक टेट यांच्या हाताखाली पुन्हा सुरू झालं. त्याच वर्गांत पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन आणि ग्रीक मुलं बसली. १९७५ नंतर व्हिएतनामी मुलं आली. मग घरं महागली, तरुण कुटुंबं बाहेर फेकली गेली, पट घसरला. आज त्याच रस्त्यांवर पुन्हा बाबागाड्या दिसतात. शाळा तीच, आवार तेच. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी ती जमीन शाळेसाठी राखली आणि नंतरच्यांनी ती विकली नाही म्हणून हे जमलं.

माध्यमिक शाळांची गोष्ट वेगळी आणि जास्त कटू आहे. १८७२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण दिलं. त्यापुढचं शिक्षण फी भरू शकणाऱ्यांसाठी खासगी शाळांकडे राहिलं आणि ते तसंच राहावं अशी त्या शाळांची इच्छा होती. पहिली सरकारी माध्यमिक शाळा १९०५ मध्ये निघाली, तीही 'हायस्कूल' असं नाव न घेता 'कंटिन्युएशन स्कूल' या आडवळणाच्या नावाने. शिक्षक व्हायचं आहे त्यांच्या पूर्वतयारीसाठी, असं कारण पुढे करून. १९१० च्या कायद्याने, एव्हाना शिक्षण संचालक झालेल्या टेट यांना सरकारी हायस्कुलं काढायची मोकळीक मिळाली. नॉर्थकोटला १९२६ मध्ये, बॉक्स हिलला १९३० मध्ये हायस्कूल आलं. म्हणजे अशा उपनगरातल्या कामगाराच्या मुलाला आपल्या वस्तीत माध्यमिक शिक्षण मिळायला मोफत शिक्षणाच्या कायद्यानंतर अर्धं शतक लागलं. जी गोष्ट मिळायला इतकी वर्षं लागली, ती नंतर एका सहीने काढून घेतली गेली, म्हणून रिचमंडमध्ये माणसं वर्षभर शाळेत झोपली.

महायुद्धानंतरचा काळ हा आजच्या पश्चिम मेलबर्नचा आरसा आहे. युरोपातून निर्वासित आणि स्थलांतरित येत होते, इथे जन्मदर वाढला होता, आणि शेतजमिनींवर घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहत होत्या. ब्रॉडमेडोजला सरकारी गृहमंडळाने मोठ्या वसाहती बांधल्या. तिथे १९५९ मध्ये फोर्डचा कारखाना सुरू झाला. घरं आली, कारखाने आले, बस उशिरा आली, गटारं त्याहून उशिरा आली, आणि शाळा नेहमीच मुलांच्या मागून धावत राहिली. चर्चच्या सभागृहात वर्ग भरायचे. पन्नास-पन्नास मुलांचा वर्ग ही नवलाची गोष्ट नव्हती. ब्रिस्टल विमान कंपनीने बनवलेले ॲल्युमिनियमचे तयार वर्ग इंग्लंडहून जहाजातून मागवले गेले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून हलक्या लाकडी सांगाड्याच्या एकसारख्या शाळा झपाट्याने बांधल्या जाऊ लागल्या: लांबच लांब व्हरांडा, एका ओळीत वर्ग, भरपूर काचा. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गारठा. पण त्या वेळेवर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याभोवती मैदान सोडलेलं होतं. त्या मैदानांचं महत्त्व आज कळतंय.

शिक्षकही अपुरे होते, आणि त्यामागचं एक कारण सरकारनेच तयार केलेलं होतं. १८८९ पासून व्हिक्टोरियात लग्न झालेल्या बाईला शिक्षिकेची कायम नोकरी नव्हती. वर्गात पन्नास मुलं आणि घरी बसलेल्या प्रशिक्षित शिक्षिका, असा हा उफराटा न्याय. गरज पडली की त्यांना हंगामी म्हणून बोलवायचं, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही. या बायकांनी संघटना बांधली, आमदारांच्या भेटी घेतल्या, आणि १९५६ मध्ये ही बंदी उठवायला लावली. इमारतीच्या उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर मंत्र्याचं नाव असतं, पण उपनगरातली शाळा ज्यांच्या जोरावर चालली त्या बायका अशा होत्या. आणि आयाही. आयांची मंडळं प्रत्येक शाळेत असायची, १९२५ पासून त्यांचा राज्यव्यापी महासंघ होता. केक विकून, जत्रा भरवून त्यांनी पियानो आणले, वाचनालयं उभी केली, मैदानाला कुंपण घातलं. सरकारी शाळा सरकारची असते हे अर्धंच खरं आहे. जमीन सरकारची असेल, पण त्या जमिनीवरचं बरंचसं काही वस्तीने दिलेलं असतं. ती विकताना वस्तीला साधं विचारलंही जात नाही, याचा मला संताप येतो.

पट उतरतो कसा, हे एकदा नीट पाहायला हवं, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. नव्या उपनगरात एकाच वयाची जोडपी एकाच वेळी येतात. पाच-सात वर्षांत प्राथमिक शाळा ओसंडते. आणखी सहा-सात वर्षांनी तोच लोंढा माध्यमिक शाळेत जातो आणि प्राथमिक शाळेत बाकं रिकामी व्हायला लागतात. मुलं मोठी होऊन घर सोडतात, आईबाप त्याच घरात राहतात. रस्त्यावर शांतता पसरते. या टप्प्यावर खात्यातला अधिकारी तक्ता उघडतो आणि म्हणतो, इथे शाळेची गरज संपली. पण माणसं म्हातारी होतात, घरं विकली जातात, मोठ्या प्लॉटवर दोन-तीन घरं उठतात, आणि पुन्हा तरुण जोडपी येतात. हा फेरा पूर्ण व्हायला तीसेक वर्षं लागतात. निवडणुकीचा फेरा चार वर्षांचा असतो.

१९९२ च्या ऑक्टोबरात जेफ केनेट यांचं सरकार आलं, तेव्हा व्हिक्टोरियाची तिजोरी खरोखर अडचणीत होती. राज्याची स्वतःची बँक दोन वर्षांपूर्वी बुडाली होती, कर्ज वाढलं होतं. हे नाकारून चालणार नाही. त्याआधीच्या सरकारच्या काळातही काही शाळांचं विलीनीकरण झालं होतं. पण केनेट सरकारने जे केलं त्याचा आवाका वेगळा होता. काही वर्षांत तीनशेहून अधिक सरकारी शाळा बंद झाल्या आणि हजारो शिक्षक कमी झाले. अनेक आवारं विकली गेली आणि तिथे घरं उभी राहिली.

पुढची यादी वाचताना फक्त सालांकडे लक्ष द्या. फिट्झरॉय हायस्कूल १९९२ च्या अखेरीस बंद केलं गेलं. वस्तीने वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २००४ मध्ये ते पुन्हा उघडलं. अल्बर्ट पार्कची माध्यमिक शाळा २००६ मध्ये बंद झाली आणि २०११ मध्ये नव्याने सुरू झाली. रिचमंड २०१८. प्रारान आणि प्रेस्टन या दोन्ही ठिकाणी २०१९ मध्ये नवी हायस्कुलं. डॉकलंड्सला जुन्या गोद्यांच्या जागी शतकाच्या सुरुवातीपासून उंच इमारतींत हजारो लोक राहायला आले, तिथली पहिली सरकारी प्राथमिक शाळा निघाली २०२१ मध्ये. आणि जिथे मोकळी जमीन उरलीच नव्हती तिथे शाळा आकाशाकडे वाढवाव्या लागल्या. साउथ मेलबर्नला २०१८ मध्ये उघडलेली प्राथमिक शाळा बहुमजली आहे, मुलं जिन्याने खेळायला जातात. शाळा सुंदर आहे, शिक्षक मेहनती आहेत, त्यात वाद नाही. पण चेंडू लांब टोलवायचा तर रस्ता ओलांडून बागेत जावं लागतं अशी पाळी ज्या शहरावर आली, त्याच शहराने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मैदानांसकट शाळा विकल्या होत्या.

ईस्ट प्रेस्टनच्या नॉर्थलंड शाळेची कथा यापेक्षा मोठी आहे. तिथे मूलनिवासी मुलांची संख्या लक्षणीय होती. इतर शाळांतून बाहेर पडलेली मुलं तिथे टिकत होती. १९९२ अखेर तीही बंद केली. शिक्षक आणि मुलांनी आवाराबाहेर 'बंडखोर शाळा' चालवली आणि प्रकरण समान संधी मंडळापुढे नेलं. शाळा बंद करणं हा मूलनिवासी विद्यार्थ्यांशी भेदभाव आहे असा निकाल लागला. खटला वरच्या न्यायालयांतून फिरून शेवटी १९९५ मध्ये शाळा पुन्हा उघडली. पटाच्या आकड्यात न दिसणारी गोष्ट न्यायालयाला दिसली. शंभर मुलं कमी झाली तरी उरलेल्यांना ती शाळा कशासाठी हवी आहे, हा प्रश्न तक्त्यात विचारलेला नसतो.

आता विरोधी बाजू. ती मी अनेकदा ऐकली आहे, चांगल्या माणसांकडून ऐकली आहे. पहिला मुद्दा असा की अगदी लहान माध्यमिक शाळेत मुलांचं नुकसान होतं. भौतिकशास्त्राला चार मुलं, संगीताला शिक्षकच नाही, तर अशी शाळा ओढत नेण्यापेक्षा मोठ्या शाळेत पाठवा. हा मुद्दा मला मान्य आहे. ब्रॉडमेडोजमध्ये तीन माध्यमिक शाळा एकत्र करून एक मोठी संस्था केली गेली आणि त्यामागे विचार होता. माझा झगडा विलीनीकरणाशी नाही. दुसरा मुद्दा पैशाचा: रिकाम्या इमारतीचं छप्पर गळतं, काचा फुटतात, राखणदार लागतो, आणि विक्रीच्या पैशातून दुसऱ्या शाळा सुधारता येतात. इथे मात्र हिशेब चुकतो. विक्रीचा पैसा एकदाच येतो. तीस वर्षांनी त्याच वस्तीत जमीन घ्यायला निघालं की आजच्या भावाने घ्यावी लागते, आणि बहुतेक वेळा घ्यायला जमीनच नसते. गळणाऱ्या छपराचा खर्च त्यापुढे काहीच नाही. शिवाय रिकामं आवार रिकामं ठेवायची सक्ती कुणी केली आहे? बालवर्ग, प्रौढांचे इंग्रजीचे वर्ग, वाचनालय, खेळाची मंडळं, ज्येष्ठांची केंद्रं, सगळ्यांना जागा हवी असते. भाडेपट्ट्याने द्या, दहा-दहा वर्षांच्या मुदतीने द्या. मुलं परत आली की शाळा परत येईल.

तिसरा मुद्दा कुणी उघड बोलत नाही, पण तोच सर्वांत जड आहे: ज्यांना परवडतं ते खासगी शाळेत जातातच, मग सरकारी शाळा किती टिकवायच्या? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातली पाचपैकी जवळजवळ चार मुलं सरकारी शाळेत होती. २०२३ मध्ये हे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांवर आलं होतं. १९७३ च्या कार्मेल अहवालाने गरजेनुसार सर्व शाळांना केंद्राचा पैसा देण्याची वाट आखली. त्यामागचा हेतू स्वच्छ होता, दरिद्री कॅथलिक शाळांनाही त्याने हात दिला. पण पुढच्या दशकांत पैशाचं पारडं असं कललं की २०११ मध्ये डेव्हिड गोन्स्की यांच्या समितीला पुन्हा गरजेचाच पाया घालून द्यावा लागला. उपनगरातली सरकारी शाळा बंद झाली की तिथली सगळी मुलं शेजारच्या सरकारी शाळेत जात नाहीत. त्यांतली ज्यांना जमतं ती खासगी शाळेत जातात, आणि मग पट घटल्याचा आकडा पुढच्या शाळेच्या तक्त्यात उमटतो. एक बंद शाळा दुसरीला आजारी पाडते.

इथे मला आपल्या मंडळींशी दोन शब्द बोलायचे आहेत. मेलबर्नमध्ये आता परदेशांत जन्मलेल्यांत भारतात जन्मलेले सर्वाधिक आहेत, आणि त्यांत आपण मराठी लोक थोडे नाही. घर घेताना आपला पहिला प्रश्न असतो, 'झोन कुठला?' व्हिक्टोरियात प्रत्येक मुलाला आपल्या वस्तीतल्या सरकारी शाळेत प्रवेशाचा हक्क आहे, आणि ती वस्ती म्हणजे नकाशावरची एक रेघ. नावाजलेल्या सरकारी शाळेच्या रेघेच्या आत घराची किंमत चढते, बाहेर उतरते. म्हणजे १८७२ मध्ये मोफत केलेलं शिक्षण आपण घराच्या हप्त्यांतून विकत घेतो आणि त्याला सरकारी शाळा म्हणतो. मी कुणाला दोष देत नाही. मीही घर शोधताना तोच नकाशा उघडून बसले होते. पण रेघेच्या आत जाण्यासाठी सगळी ताकद खर्च करणारे आपण रेघेबाहेरच्या शाळेच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहत नाही. १९७५ पासून इथल्या शाळांच्या कौन्सिलना कायद्याचा आधार आहे, पालकांच्या जागा राखलेल्या आहेत. आमच्या शाळेत गेल्या वर्षी त्या जागा भरायला नावं कमी पडली. सभेला आलेल्यांत मराठी बोलणारी मी एकटीच होते.

तर पश्चिमेकडे. विंडम नगरपालिकेच्या हद्दीत २०२१ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ९२ हजार लोक होते. एकट्या टार्नीटमध्ये ५६ हजार. वीस वर्षांपूर्वी इथे कोबी आणि गव्हाची शेतं होती. नवं उपनगर आखताना आता आराखड्यात शाळेची जागा राखून ठेवतात, प्राथमिक शाळेला साधारण ३.५ हेक्टर आणि माध्यमिकला ८.४ हेक्टर. २०१० पासून विकासकांकडून वाढत्या उपनगरांसाठी पायाभूत सोयींचं अंशदान घेतलं जातं. २०१८ मध्ये राज्य सरकारने २०२६ पर्यंत १०० नव्या शाळांचं वचन दिलं आणि त्या एकामागोमाग उघडतही गेल्या. नव्या प्राथमिक शाळांना लागून बालवर्गही बांधले जातात, ही खरोखर शहाणपणाची गोष्ट आहे. १९५० च्या मानाने हे पुष्कळ बरं आहे, आणि ज्यांनी केलं त्यांना श्रेय द्यायलाच हवं. उणीव दोन ठिकाणी आहे. शाळा अजूनही घरांच्या मागून येते: पहिल्या टप्प्यातली कुटुंबं राहायला येतात, त्यांची मुलं तीन-चार उपनगरं ओलांडून शाळेत जातात, आणि आपली शाळा उघडेपर्यंत ती तिसरी-चौथीत पोचलेली असतात. दुसरी उणीव अजून कुणाला टोचत नाही, कारण तिला तीस वर्षं अवकाश आहे.

२०५० च्या आसपास टार्नीटच्या रस्त्यांवरही शांतता पसरेल. आज ओसंडणाऱ्या शाळेत बाकं रिकामी होतील. त्या वेळचा अधिकारी तक्ता उघडेल. तेव्हा त्याचे हात बांधलेले असावेत म्हणून आज कायदा हवा. शाळेसाठी एकदा दिलेली जमीन किमान पन्नास वर्षं शाळेच्या नावावरून हलणार नाही. शाळा बंद झाली तरी जागा फक्त भाड्याने देता येईल, आणि विकायचीच असेल तर मंत्र्याच्या सहीने नव्हे तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या ठरावाने. निर्णयाआधी चाळीस वर्षांचा लोकसंख्येचा अंदाज वस्तीपुढे ठेवला जाईल. आणि नव्या उपनगरात पहिल्या टप्प्यातली घरं ताब्यात देण्याआधी शाळेचे पहिले चार वर्ग उभे असतील. पोर्टेबल असले तरी हरकत नाही, फक्त ते आधी आलेले असावेत.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर गवत वाढलेला एक मोठा मोकळा तुकडा आहे. कुंपणावर पाटी आहे: येथे भविष्यात सरकारी माध्यमिक शाळा. पाटीचा रंग उन्हाने उडाला आहे. मागच्या महिन्यात मी आमच्या आमदारांना पत्र लिहिलं. त्यात शाळा कधी सुरू होणार हे विचारलं, आणि खाली आणखी एक प्रश्न घातला: ती सुरू झाल्यावर, पन्नास वर्षांनी पट उतरला तर या जमिनीचं काय होईल, हे आज कोणत्या कागदावर लिहिलेलं आहे? पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, साल दिलेलं आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल त्या पत्रात एक ओळही नाही. मी पुन्हा लिहिलं आहे, या वेळी रस्त्यावरच्या एकोणीस घरांच्या सह्या घेऊन.